साळवेबाईंनी बांधलेले पट्टे

साळवेबाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या माझी फजिती होत असताना. श्रीरामपूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी नुकताच शिकवायला लागलो होतो. पहिल्याच प्रॅक्टिकलला मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे प्रोग्राम भरायच्या चिपवर, छोटा पंखा चालवून दाखवत होतो. वीज सलग द्यायची नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायची. चालूचा वाटा वाढवला की पंख्याचा वेग वाढतो. इथवर ठीक झालं. मग पंखा क्षणभर फिरावा, क्षणभर थांबावा म्हणून मी ही चालू-बंद सांभाळणारा टायमर थांबवायची ओळ प्रोग्राममध्ये लिहिली, तर पंखा थांबायच्या ऐवजी भरधाव सुटला. मुलं हसायला लागली. मागे कपाट आवरणाऱ्या बाई हातातलं फडकं ठेवून पुढे आल्या.

“सर, तुमी टायमर थांबवला, पन पिन वर, म्हंजी वीज चालू असताना थांबवला. ती वरच ऱ्हायली. फेरा पुरा हुऊ द्या, पिन खाली आना, मग थांबवा.”

त्यांनी सांगितलं तसं केलं. पंखा शहाण्यासारखा थांबला.

बाई प्रयोगशाळेत सहायक होत्या. शिक्षण बारावी. रोज बेलापूरहून एसटीने यायच्या. आमच्या पगारी विद्वत्तेपेक्षा त्यांना जास्त कळत होतं, पण ते त्यांनी कधी जाणवू दिलं नाही. “चालू कुनीबी करतंय, सर. बंद कुठं करायचं त्याला अक्कल लागती,” एवढंच म्हणायच्या. कुणा मुलाने बोर्ड जाळला तर ओरडायच्या नाहीत. “जळलं तर जळलं. का जळलं ते सांग, मग घरी जा.” आणि ते पोर कारण सापडेपर्यंत तिथेच बसायचं.

एकदा त्यांनी माझ्याकडे जुन्या मोबाइलमधल्या थरथरणाऱ्या दोन मोटरी मागितल्या. त्यांचे यजमान योसेफराव एसटीत चालक होते. निवृत्त झाले आणि कंपवाताने धरलं. चालता चालता पाय जमिनीला खिळायचे, त्यातही उंबऱ्याशी हमखास. बाईंनी एक गोष्ट हेरली होती. “चर्चमंदी टाळ्या चालू असल्या की हे सरळ चालत्यात. मग टाळी पायातच वाजवली तर?”

त्यांनी घोट्याला बांधायचे दोन पट्टे शिवले, आत एकेक मोटर. सलग थरथर दिली की पाय बधिर व्हायचा, म्हणून ठोके हवे होते. एक टायमर थरथरीचा जोर सांभाळायचा, दुसरा त्या थरथरीच्या वाटेवरचं दार उघडायचा-लावायचा: डाव्या पायाला ठोका, गप्प, उजव्याला ठोका, गप्प. फेरा पुरा झाल्याशिवाय दार लागायचं नाही, हे बाईंना कुणी सांगायला नकोच होतं.

एका रविवारी मी बेलापूरला गेलो. योसेफराव उंबऱ्याशी खिळून उभे होते. बाईंनी त्यांच्या पायातल्या पट्ट्यांचं बटण दाबलं. त्यांनी मान खाली घातली, जणू पायातलं काही ऐकत होते, आणि डावं पाऊल उचललं. मग उजवं. अंगण ओलांडून ते रस्त्याच्या फाटकापर्यंत गेले. बाई मागून दोन्ही हात पसरून, पण त्यांना न शिवता चालत होत्या.

“सुटली बघा गाडी!” योसेफराव मला म्हणाले. बाईंनी तोंड वळवून पदराने डोळे पुसले.

तो उन्हाळा, तो पावसाळा बरा गेला. मग पाऊल पुन्हा अडायला लागलं. बाई रोज आकडे बदलायच्या. ठोका लांबव, मधली गप्प वेळ कमी कर, जोर वाढव. दुपारच्या सुट्टीत डबा न उघडता कॉम्प्युटरसमोर उभ्या असायच्या. पुढे योसेफराव पडले, खुबा मोडला, आणि ते खाटेवरून उठलेच नाहीत. गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

मला आठवते ती त्याच्या दोन महिने आधीची, ते पडण्यापूर्वीची दुपार. बाईंनी पट्टे माझ्या टेबलावर ठेवले. “सर, एकदा तुमच्या नजरेनं बघा. कायतरी चुकतंय.”

“त्यांना ठोका कळतो का?”

“कळतोय म्हनत्यात. पन पाय ऐकत न्हाई, असं म्हनत्यात.”

मी पट्टे जोडले, सिग्नल पडद्यावर लावला. तासभर पाहिला. एकेक ओळ वाचली. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांच्या कामात चूक हवी होती. ठोके स्वच्छ होते. एकही अर्धवट तुटलेला नव्हता. दार वेळेवर उघडत होतं, वेळेवर लागत होतं.

“बाई, प्रोग्राममध्ये काही चूक नाही.”

त्या खुर्चीत टेकल्या. इतक्या वर्षांत त्यांना प्रयोगशाळेत बसलेलं मी क्वचितच पाहिलं होतं. पट्टे त्यांनी मांडीवर घेतले.

“म्हायती हुतं सर मला,” त्या म्हणाल्या. “चूक असती तर काढली असती की.”

आणि बॅटरी काढून त्यांनी पट्ट्यांची घडी घातली.