कोरी परत आलेली पुस्तकं

गेल्या शनिवारी शहराच्या पूर्व भागातल्या एका घरात माझी चांगलीच फजिती झाली. तेव्हापासून मन ठिकाणावर नाही, म्हणून लिहून मोकळी होते...

बी.ए. झाल्यापासून मी आमच्या भागातल्या छोट्या वाचनालयात मुलांचं कपाट सांभाळते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. त्यामुळे कमिटीने नवी पुस्तकं निवडायचं काम दिलं, तेव्हा मला अगदी भरून आलं होतं.

मी फार मन लावून निवड केली. पुस्तक हातात घ्यायचं, आधी शेवटचं पान वाचायचं. मुलांनी काय शिकायचं ते तिथे स्पष्ट असेल तर पुस्तक चांगलं. अशी बावीस पुस्तकं आणली, सगळ्यांना खाकी कव्हरं घातली...

मुलं एकदा नेत आणि दुसऱ्या दिवशी परत आणत. पुस्तकं कोरी करकरीत. मला वाटायचं, किती जपून वाचतात!

आमचे कार्यवाह अण्णा रजिस्टर बघून म्हणाले, "बाई, वाचतच नाहीत पोरं. बुधवारपर्यंत नीट यादी द्या, नाहीतर त्या कपाटात वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवू." चार वेळा यादी केली, चार वेळा फाडली. काही सुचेना.

मग नागमणी आठवली. आठवीतली मुलगी, पूर्वी दर आठवड्याला यायची. तिने एकदा जुनं, फाटक्या कव्हरचं पुस्तक परत आणलं, ते पानापानांत तंबाखूच्या भुकटीने भरलेलं. बाजारातून हरवलेला उंट चार मुलं शोधतात, अशी काहीतरी गोष्ट. तिला अजून आठवडाभर हवं होतं. मी सगळ्यांसमोर रागावले आणि पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं. तसंही त्याच्या शेवटच्या पानावर मुलं गुरुजींशी खोटं बोलतात, म्हणून ते माझ्या मनातून उतरलंच होतं... त्यानंतर नागमणी आली नाही.

तेव्हा शनिवारी दुपारी तिचं घर शोधत गेले. माझ्या निवडीतलं एक उत्तम पुस्तक पिशवीत होतं.

दारातच तंबाखूचा वास. नागमणी, तिची आई नरसव्वा आणि शेजारच्या तिघी मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. पोरगी मला बघून उठलीच. नरसव्वाने मात्र हातातली विडी पुरी केली, मग चटई सरकवली.

तेव्हा सगळं समजलं. दुपारी नागमणी वाचते आणि बाकीच्या ऐकतात. एक वाक्य मराठीत वाचायचं, लगेच तेलुगूत सांगायचं. ती वाचत असेल तोवर तिच्या वाटणीच्या विड्या या चौघी वळून देतात. म्हणजे तो तंबाखू घाणेरड्या हातांचा नव्हता... पुस्तक सुपांच्या मधोमध उघडं पडलेलं असायचं, म्हणून.

मी माझं पुस्तक दिलं. नागमणी वाचू लागली. पहाटे उठणारा, खरं बोलणारा, आईची कामं करणारा मुलगा. तीन पानं झाली... हात भराभर चालले होते, मान एकीनेही वर केली नाही.

"लई शाणं पोरगं हाय की," नरसव्वा म्हणाली. "त्याला भूक लागत न्हाय का कदी?"

बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते.

"राग मानू नका, बाई. पर ह्याच्यापायी मी हिच्या विड्या वळू व्हय? त्यापरीस हिनंच वळाव्या की." मग म्हणाली, "त्यो उंट घावला का?"

"सापडला," मी म्हटलं.

"कुटं? कसा घावला?"

चारही सुपांवरचे हात थांबले होते. आणि मला सांगता येईना. मी त्या पुस्तकाचं फक्त शेवटचं पान वाचलं होतं...

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. रविवारी ड्रॉवरमधलं ते फाटकं पुस्तक आणि दुकानदाराकडून पाहायला म्हणून आणखी दहा-बारा पुस्तकं घरी घेऊन आले. आई शेंगा फोडत बसली होती. तिच्याजवळ बसून मोठ्याने वाचायला लागले. आई मैंदर्गीची, कानडी बोलणारी, शाळेत कधीच न गेलेली. माझ्या अभ्यासासाठी तिने वर्षानुवर्षं रेडिओ बंद ठेवला, सगळ्यांना गप्प बसवलं. पण माझ्या पुस्तकातलं एक वाक्य तिच्या कानावर पडलं नव्हतं. मला ते कधी सुचलंच नाही.

काही पुस्तकांना ती नुसतं "हं" म्हणाली. काहींच्या मध्येच मी पाणी प्यायला थांबले, तर शेंग हातात तशीच धरून म्हणाली, "मुंद?" म्हणजे, पुढं? त्या पुस्तकांवर मी खूण केली आणि गोष्ट अर्धी सोडून पुढचं पुस्तक उघडलं. अशी सात निघाली.

बुधवारी यादी दिली. अण्णा म्हणाले, "यातनं मुलं शिकणार काय?" मी उंटाच्या गोष्टीतली दोन पानं वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढला, ऐकलं, आणि कपाट दिवाळीपर्यंत राहू दे म्हणाले. पुढचं माहीत नाही. पोरींच्या हातात मी नेमकं काय देते आहे, हा प्रश्न सुटलेला नाहीच...

आज सकाळी उंटाचं पुस्तक नागमणीकडे पोचवायला पिशवीत टाकत होते. आई शेंगांचं सूप घेऊन उंबऱ्यातच बसली.

"त्या बायकांना सांग, दुपारी देते म्हणून," ती म्हणाली. "आधी मला उंट कुठं गेला ते कळू दे."