वाढलेलं ताट

आमच्या घरी ‘वाढलेलं ताट’ हे शब्द जेवताना कमी आणि सोयरिकीच्या बोलण्यात जास्त निघत. बिनकष्टाचं काही समोर आलं की ते वाढलेलं ताट, आणि त्याला नाही म्हणणारा करंटा. ताट कोणी वाढलं, कशासाठी वाढलं, हे विचारणं म्हणजे उद्धटपणा.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वडील रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर, माझ्या पाठीवर दोन बहिणी. मामाने माझ्यासाठी काटोलचं स्थळ आणलं. संत्र्याचा बगीचा, हुंडा नको, लग्नही तेच करून देणार. मुलगा बिजवर होता, पहिली बायको तापाने गेली, हे त्यांनी लपवलं नव्हतं. तरी मी तोंड फिरवलं.

“वाढलेलं ताट हाय पोरी, काहून तोंड फिरवून राहिली वं?” मामा म्हणाला. आईवडिलांनी साखरपुड्याचा दिवस ठरवला.

साक्षगंधाला मुलाच्या आईने डबा उघडला. सोन्याच्या दागिन्यांखालून काळा दोरा निघाला. बिजवराशी लग्न करणारीने मेलेल्या सवतीची चांदीची पुतळी गळ्यात घालायची, म्हणजे ती त्रास देत नाही, अशी आमच्यात रीत. ती मला ठाऊक होती. पण या दोऱ्यात पुतळ्या दोन होत्या.

आईने हळूच विचारलं, “हे दुसरी कोनाची जी?”

“तिच्या आंधीची. विहिरीत पडली बिचारी. दोघीबी लय गुणाच्या होत्या,” बाई म्हणाल्या, जणू भाजीचा भाव सांगत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. “वाक वं पोरी जराशी.”

आणि मी वाकले! मोठ्यांनी म्हटलं की वाकायचं, एवढंच शिकले होते. थंडगार चांदी मानेला लागली. कुणीतरी थांबवेल म्हणून वाट पाहिली. मामा पान लावत होता. वडील सतरंजीकडे बघत होते.

“मले नाही करायचं,” मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं.

मामा वर्षभर आमच्याशी बोलला नाही. बोलला तेव्हा एवढंच म्हणाला, “तुवं ताट भिवापूरच्या पोरीनं घेतलं.” त्या रात्री मला जेवण गेलं नाही. काटोलचं कोणी भेटलं की आजही प्रश्न जिभेवर येतो. ती जगली का, हे विचारायची हिंमत मात्र होत नाही.