प्रवाळाच्या कडेनं वाहत जायचा बेत

समुद्राच्या पोटात शिरून काहीही न करता नुसतं वाहत जायचं, असा एक प्रकार असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. पाठीवर हवेची टाकी बांधून बोटीतून उतरायचं, प्रवाळाची रांग एका हाताला ठेवायची आणि हातपाय मारायचे नाहीत. प्रवाह नेईल तिकडं जायचं. बोट वरून आपल्या बुडबुड्यांच्या मागं मागं येते आणि जिथं आपण वर निघू तिथून उचलून घेते. आमची लेक पुण्याला असते. लग्नानंतर ती अंदमानला जाऊन हे करून आली होती. तिचे बाबा रिटायर झाले तेव्हा ती फोनवर म्हणाली, "जानेवारीत दोघं माझ्याबरोबर चला. तिकिटं मी काढते."

मला वाटलं, हे नाही म्हणतील. आमच्या ह्यांची उभी हयात शहराच्या पाणीपुरवठ्यात गेली. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून व्हॉल्व्ह खोलत फिरायचे, आणि ज्या गल्लीला पाणी उशिरा मिळायचं ती गल्ली ह्यांच्या सात पिढ्या काढायची. आम्ही राहतो त्या छावणी भागात शेजारणी मलाही सोडायच्या नाहीत. "घरात पाणीवाला असून तुमच्या टाकीत ठणठणाट?" अशा माणसाला पाण्याचा वीट यायला पाहिजे. पण हे म्हणाले, "जिंदगीभर मी पाण्याला नेलं. एकदा पाण्यानं मला नेलं तर काय बिघडलं?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही.

ह्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर नकाशा काढला. नळाच्या लायनीचे नकाशे काढायचा हात, त्यामुळं समुद्रही ह्यांच्या कागदावर पाइपासारखा सरळ आला. इथं उतरायचं. इथून प्रवाळ डाव्या हाताला. बारा मीटरच्या खाली जायचं नाही. इथं टाकीतली हवा बघायची. एकमेकांपासून दोन हातांच्या आत राहायचं, चुकामूक झालीच तर एक मिनिट शोधायचं आणि सरळ वर यायचं. वर येण्याआधी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आणि नारंगी फुगा वर सोडायचा, म्हणजे बोटवाल्याला कळतं. हे सगळं लेकीनं फोनवर सांगितलेलं, पण हे मला असं समजावून सांगायचे की जसं काही दहा वर्षं अंदमानातच नोकरी केली.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा असतात. अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'छान' नव्हे, 'वर चला'. ठीक आहे म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवायची. आम्ही जेवताना खुणांचा सराव करायचो. मी आमटी कशी झाली विचारलं की हे अंगठा वर करायचे आणि मी म्हणायचे, "मग उठा ताटावरून." मी शाळेत चौथीला शिकवायचे. चूक दिसली की हात लाल पेनाकडं जातो, ही खोड शाळेतून घरी आली ती कायमची. हे हसायचे. तेव्हा हसायचे.

दिवाळीच्या आधी पुण्याहून एक शिकवणारी पोरगी आली आणि शहरातल्या एका तलावावर तिनं आमचा सराव घेतला. मला पोहणं येत नव्हतं, मी तीन आठवडे आधीपासून लहान पोरांच्या क्लासात फळी धरून पाय मारत होते. ह्यांना कसली काळजी? हे पिशोरचे. दहा पुरुष खोल विहिरीत उडी घेऊन तळातला चिखल मुठीत आणून दाखवायचा, तेव्हाच पोरगं पोहायला शिकलं असं तिथं मानत. म्हणून सगळ्यांना वाटलं, मी अडखळणार आणि हे मासोळीसारखे जाणार.

झालं उलटं. टाकीनं श्वास घेताना एकच नियम सगळ्यात मोठा. श्वास कधीही धरून ठेवायचा नाही. आणि विहिरीत पोहलेला माणूस डोकं पाण्याखाली गेलं की पहिलं काय करतो, तर श्वास धरतो. हे तोंडात नळी धरून, गाल फुगवून, डोळे वटारून तळाशी बसायचे आणि बुडबुडा एक नाही. ती पोरगी ह्यांच्या छातीवर टकटक करायची, वर आणायची. "काका, सोडा ना श्वास! वर येताना आतली हवा फुगते, फुफ्फुस फाटेल तुमचं."

"सोडला की माणूस मेला, असं शिकवलंय बाप्पा आम्हाला," हे म्हणायचे.

शेवटी ह्यांनीच तोड काढली. पिशोरहून एसटीनं येताना लागणारी गावं मनात म्हणायची, एकेका गावाला एकेक श्वास सोडायचा. कन्नड, हतनूर, वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद. दुसऱ्या दिवशी तलावाच्या तळातून ह्यांचे बुडबुडे एका मापात वर यायला लागले आणि मी काठावर उभी राहून ते बघत होते. मला फार बरं वाटलं. ह्या माणसानं कधी काही मागितलं नव्हतं. एवढं एकच तो मागत होता, आणि ते आता मिळणार होतं.

मग अंदमानच्या बोटवाल्यांकडून एक फॉर्म आला. प्रकृतीची माहिती द्यायची, प्रत्येक प्रश्नापुढं हो किंवा नाही. इंग्रजीतला, म्हणून मी वाचत होते आणि हे सांगत होते. दमा? नाय. फिट? नाय. कानाचं ऑपरेशन? नाय. "फुफ्फुसाचा काही आजार, क्षय वगैरे, कधी झाला होता का?"

हे दाराकडं बघायला लागले. मी चष्म्यावरून बघितलं.

"दार लोटून घे," हे म्हणाले.

एकोणिसाव्या वर्षी ह्यांना टीबी झाला होता. घरच्यांनी गावात कळू दिलं नाही. कळलं असतं तर ह्यांना तर सोडाच, बहिणींनाही स्थळं आली नसती. म्हणून फर्दापूरला मामाकडं ठेवलं, दीड वर्ष, मागच्या खोलीत. औषधं तिथंच. गावाला सांगितलं, पोरगं फर्दापूरला हाटेलात कामाला लागलंय, लेणी बघायला परदेशी लोक येतात, पैसा बरा मिळतो. माझी सोयरीक जमली तेव्हा माझ्या वडिलांनाही हेच सांगितलं होतं. सासूबाईंनी ह्यांना शपथ घातली होती, बायकोलासुद्धा सांगायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्या काळी सगळे असंच करायचे. करायचे. माझ्या माहेरीही असं काही झाकलेलं असेल. आजार बरा झाला होता, मला त्याचा त्रास झाला नाही, पोरीला झाला नाही. पण ह्यांनी मला एकतीस वर्षं त्या हाटेलच्या गोष्टी सांगितल्या होत्या. एक गोरी बाई भजी खाऊन रडली ती. तो जपानी म्हातारा, जो रोज सकाळी ह्यांना वाकून नमस्कार करायचा. पोर आजारी असली की मी म्हणायचे, तिला तो जपानी म्हातारा सांगा. मी स्वतः त्या गोष्टी शाळेत सांगितल्यात.

"म्हणजे तो जपानी पण नव्हता?" मी विचारलं.

"व्हता," हे म्हणाले. "मामाचा पोरगा हाटेलात व्हता. तो सांजच्याला येऊन मला सांगायचा. मी खिडकीतून ऐकायचो."

एखाद्या शहाण्या बाईनं हे ऐकून आधी ह्यांचा हात धरला असता. एकोणीस वर्षांचं पोरगं, बंद खोली, खिडकीबाहेरून कोणीतरी दुनिया सांगतंय. मला आज ते दिसतं आणि जेवण जात नाही. तेव्हा मला एवढंच दिसलं, की मला फसवलं. मी त्या प्रश्नापुढं 'हो' लिहिलं, दाबून, कागदाला भोक पडेल असं.

मग छातीच्या डॉक्टरकडं गेलो. फोटो काढले. जुना डाग होता आणि त्याच्या कडेला हवेचा एक पातळ फुगा धरला होता. डॉक्टर चांगला माणूस. त्यानं स्पष्ट सांगितलं, टाकी बांधून खाली जायचं नाही, कधीच नाही, वर येताना तो फुटला तर माणूस जागेवर संपेल. मग ह्यांचा चेहरा बघून म्हणाला, "वरून तरंगत बघा की. जाकीट घाला, तोंडाला काच लावा, बरोबर माणूस ठेवा. त्याला माझी हरकत नाही." आणि तसं लिहूनही दिलं.

शिकवणाऱ्या पोरीला फोन केला तर ती म्हणाली, हा तर उत्तमच बेत आहे. प्रवाह वर-खाली एकाच दिशेनं जातो. काकू आणि ताई खाली, काका त्यांच्या बरोबर डोक्यावर, जोडीला एक माणूस, मागं बोट. पाणी तिथं इतकं नितळ असतं की काकांना वरून सगळं दिसेल.

त्या संध्याकाळी ह्यांनी कॅलेंडरचं नवं पान घेतलं. खाली दोन रेघा, माझी आणि लेकीची. वर पाण्याच्या पातळीवर तिसरी, तुटक. मी भाकऱ्या थापत होते. हे ओट्याशी येऊन उभे राहिले आणि लहान पोरानं वही दाखवावी तसा तो कागद धरला. "वरून तरंगत आलो तर चालंल ना गं? पोरीला काय सांगायचं ते बघू. कान दुखतो म्हणू."

कान दुखतो म्हणू. तेवढ्यानं माझं डोकं फिरलं.

"वरवरचंच जमतं तुम्हाला," मी म्हणाले. "एकतीस वर्षं तेच केलंत. मला नाही यायचं कुठं. पोरीला तुम्हीच सांगा काय सांगायचं ते. खोटं बोलायची सवय आहेच."

"बरं," हे म्हणाले. कागदाची घडी घातली आणि बाहेर जाऊन बसले. भाकरी करपली होती, ती मीच खाल्ली.

तिकिटं रद्द झाली. लेकीला ह्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तिनंही मला विचारलं नाही, फक्त थोडे दिवस फोनवर जरा जास्तच गोड बोलायची.

राग किती दिवस टिकतो? संक्रांतीपर्यंत माझा उतरला होता. तिळगूळ देताना मी ह्यांना नीट बघितलं आणि मनात म्हटलं, पुढच्या जानेवारीत जाऊ. पण तोंडानं बोलले नाही. मी वाट बघत होते, ह्यांनी पुन्हा विचारावं. चूक केलेल्या पोरानं आधी हात वर करावा, मग बाई बोलणार. आणि हे परत विचारणारे नव्हते. ह्यांना एकदा नाही म्हटलं की पुरायचं, लहानपणापासून तीच सवय. उन्हाळा गेला. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात छावणीच्या बाजारात किराणा घेताना हे दुकानाच्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं. फुफ्फुसाचा काही संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मला ते ऐकून काय करायचं होतं?

लोक म्हणाले, सुखाचं मरण आलं. म्हणू देत. अर्धा तास पाण्यावर पालथं पडून खाली बघत जायचं, एवढंच मागत होता माणूस, आणि मी नाही म्हणाले.

वर्षश्राद्धाला लेक आली. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. ती खाली मान घालून म्हणाली, "आई, मला एका गोष्टीचं फार वाईट वाटतं. ते अंदमानचं मी बाबांच्या मागं उगाच लावलं."

"का गं?"

"तुला माहीतच आहे की. ते घाबरले होते ना. मला फोन करून म्हणाले, मलाच भ्या वाटतंय, माझ्यानं व्हायचं नाय. तुझ्या आईला लई हौस होती, तिचा हिरमोड झालाय, तिला यातलं काही विचारू नको. आणि किती हसत म्हणाले, माहितीय? विहिरीतला बेडूक समुद्राला भ्याला म्हण. तेव्हा मी पण हसले. नंतर वाटलं, मी जबरदस्ती केली, त्यांना माझ्यापुढं कमीपणा घ्यावा लागला."

खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. फर्दापूरची खोली, डॉक्टरचा कागद, ओट्याशी मी काय बोलले ते. तिच्या बाबांना मी कशापायी थांबवलं ते. ती माझ्याकडं बघत होती.

"खरंच इतके घाबरले होते का गं?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "लई घाबरले होते."