पोचल्याचा फोन

मंगळावर आदळलेल्या मानवी वस्तूंची अखेरची जागा ज्या मोजक्या माणसांना अचूक सांगता येते, त्यांत वासण्याला राहणारे माझे मेहुणे आहेत. निदान त्यांचं तसं मत आहे. लहरीपुऱ्यातल्या ठरलेल्या गाडीवर माझ्याबरोबर शेव-उसळ खाऊन झाली, की आपली स्कूटर कुठे लावली ते मात्र त्यांना सांगता येत नाही.

रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या दुपारी मंगळावर जातात. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी काढलेली छायाचित्रं कुणालाही बघता येतात. भावोजींइतकं कुणी बघत नसावं. पडदे ओढलेल्या खोलीत संगणकावर एकाच मैदानाची दोन छायाचित्रं शेजारी शेजारी लावायची, एक यान पडण्याआधीचं, एक नंतरचं, आणि नंतरच्यात नवा काळा डाग शोधायचा. काही आदळलं की वरची फिकट धूळ उडते, खालची गडद जमीन उघडी पडते. जवळ पांढरा ठिपका असला तर ते पॅराशूट. वर पंखा कुरकुरत असतो, चहावर साय धरते, आणि भावोजी त्या राखी मैदानावरून इतके हळू सरकतात, की शेजारी बसलेल्यालाही आपण तिथल्या धुळीत अनवाणी चालतोय असं वाटू लागतं.

"अहो, गॅलरीतही डाग पडलेत," ताई आतून म्हणते.

"ते आधीचेच आहेत," भावोजी मान न वळवता म्हणतात.

त्यांना खरं तर एकच यान हवं आहे: उतरता उतरता ज्याचा आवाज बंद झाला ते. भावोजींच्या घरून निघालेल्या माणसाने पोचल्याचा फोन करायचाच, असा दंडक आहे. दारात "आवजो" म्हणतात आणि लगेच "पोचलास की कळव." मी राहतो नागरवाड्यात, म्हणजे गावातल्या गावात, पण मलाही सूट नाही. त्यांचा मुलगा एकदा भरूचला पोचून फोन करायला विसरला, तर हे ताटावर बसेनात. "यान पडलं असेल रे," ते म्हणतात, "पण पडलं म्हणजे पोचलं तर खरं! कुणी विचारपूस करायला नको?"

गेल्या हिवाळ्यात ते सापडलं. डाग, ठिपका, सगळं. भावोजींनी यान पाठवणाऱ्यांना कळवलं, ताईने शिरा केला. उत्तर आलं ते फार सभ्य होतं. डाग ही उतारावरची सावली होती आणि ठिपका छायाचित्रातला दोष. मी गेलो तेव्हा ताई म्हणाली, "खा तू. सावली निघाली म्हणून शिरा टाकायचा का?" भावोजी बंद संगणकासमोर बसून होते. "म्हणजे अजून कुठेतरी पडून आहे," एवढंच म्हणाले. मी निघालो तेव्हा दारात आले नाहीत. पोचल्यावर कळव, असंही म्हणाले नाहीत.

ते मला सोसेना. वाटेत लहरीपुऱ्याला थांबलो आणि तिथूनच फोन लावला.

"भावोजी, पोचलो."

"बरं," ते म्हणाले. आवाज फार लांबून आल्यासारखा होता.

तेवढ्यात शेव-उसळीचा गाडीवाला तर्रीची पळी उचलून ओरडला, "काका, तरी नाखुं?"

"पोचलास कसला! लहरीपुऱ्यात उभा आहेस तू," भावोजी म्हणाले, आणि आवाज पुन्हा वासण्यात आला. "घरी पोचलास की कळव."

त्यांनी अचूक शोधून काढलेलं आजवरचं हे एकमेव ठिकाण.