एका खाचेला तीन ओळी

औषधाच्या खोक्यात मुंगीएवढ्या अक्षरांचा घडी घातलेला पातळ कागद असतो ना, जो कुणी म्हणता कुणी वाचत नाही, तो आत्या वाचायची. छापखान्यात सगळे तिला आत्याच म्हणायचे, मालकसुद्धा. गोळी उपाशीपोटी घ्यायची की जेवल्यावर, हे तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय मशीनवर चढत नसे.

पानं कागदावरून ब्राउझरमध्ये आली, तेव्हा तिनं स्वतःची रीत बसवली. पडद्यावर प्लास्टिकची पट्टी आडवी धरायची, पट्टीच्या लगेच वरच्या तीन ओळी वाचायच्या, मग माउसचं चाक एक खाच फिरवायचं. एका खाचेला तीन ओळी वर. बोटाला इतकी सवय की डोळ्यांनी मोजावं लागत नसे. आणि तपासणारा माणूस अर्थ वाचत बसत नाही, तो अक्षरं वाचतो. अर्थात शिरला की चुका निसटतात. हे सगळं तिनं एका नवख्याला हाताला धरून शिकवलं. तोंडानं गोड, म्हणून लोक त्याला लोणी म्हणायचे. पुढे लोणी तिच्या डोक्यावरून सरकत मुख्य तपासनीस झाला. आत्यानं तेही गिळलं.

पण दाढ काढायला ती रजेवर गेली, आणि तेवढ्यात लोणी तिच्या संगणकावर बसून गेला. ती परतली ती सुजलेला गाल घेऊन. चाक फिरवलं तर पान कसं झुळकन सरकायचं. बरं वाटलं तिला, खोटं कशाला बोला! त्याच आठवड्यात खोकल्याच्या औषधाचं पत्रक चुकीचं छापून गेलं. मुलांचं प्रमाण मोठ्यांच्या जागी, मोठ्यांचं मुलांच्या. नशीब, माल गोदामातच होता. सगळी खोकी फोडावी लागली.

"चाक उडी मारतंय हो," ती मालकांसमोर रडकुंडीला येऊन म्हणाली. "ओळी मधूनच पळतात."

लोणी हसला. सगळ्यांदेखत हसला मेला. "आत्या, चाक कुठे उडी मारतं का? डोळे तपासून घ्या."

दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची जिन्याखालच्या कोपऱ्यात गेली. तिथे फक्त खोक्यांवरची नावं तपासायची. संगणकही तिचाच तिथे नेला, चाकासकट. आयुष्यभराची अब्रू, आणि येणारे-जाणारे विचारणार, "काय आत्या, चष्मा बदलला का?"

घरी तिनं सुनेजवळ मन मोकळं केलं. सून घरूनच संगणकावर काम करायची. तिनं पोळी लाटता लाटता मान हलवली, हात पुसले आणि आपला लॅपटॉप पुढे ओढला.

"अहो आई, चाक कसलं उडी मारतंय! हे बघा. सेटिंगमध्ये स्मूथ स्क्रोलिंग असतं, आणि त्याच्याखाली हा वेग. कुणीतरी वाढवला असणार. सरकतं इतकं मऊ की दोन ओळी जास्त गेल्या तरी कळत नाही."

आत्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ तिडीक गेली. तिच्या खुर्चीत त्याच्याशिवाय कोण बसलं होतं? म्हणजे त्याला माहीत होतं. ती रडत होती, तेव्हाही माहीत होतं! त्या रात्री जेवण तिला गेलं नाही. खुर्ची गेली खड्ड्यात, तिला एकच हवं होतं. चाक उडी मारतं, हे त्यानं मालकांसमोर आपल्या तोंडानं म्हणावं.

जेवणाच्या सुट्टीत लोणी संगणक उघडाच टाकून जायचा. आत्यानं त्याच्या सेटिंगमध्ये वेग जरासा वर नेला. तीनच्या जागी चार ओळी. फार नाही, पुरेसा. पट्टी धरायला तिनंच शिकवलं, खाच मोजायला तिनंच शिकवलं, मग तो कुठे पडेल हे तिला नाही तर कुणाला कळणार?

औषधाशी मात्र तिचं वैर नव्हतं. त्यानं सही केलेलं प्रत्येक पत्रक ती मशीनवर जाण्याआधी कागदावर वाचून काढायची. फार दिवस थांबावं लागलं नाही. रक्तदाबाच्या गोळीच्या पत्रकात एक आख्खी ओळ दोनदा पडली होती आणि लोणीची सही खाली झोकात होती. ती तडक मालकांकडे गेली. "यावर एकदा तुम्हीच नजर टाका."

मालकांनी लोणीला त्याच्याच टेबलापाशी गाठलं. "हे तुला दिसलं नाही?"

लोणीनं घाईघाईनं पान उघडलं, पट्टी धरली, चाक फिरवलं. एकदा. परत एकदा. त्याचा हात थांबला. कळलं त्याला! त्यानं मान वर केली आणि सरळ आत्याकडे पाहिलं.

बोल, आत्या मनात म्हणाली. बोल की रे. बोललास तर वाचशील. पण बोललास तर मालक विचारतील, मग त्या दिवशी आत्या काय वेगळं सांगत होती? तिच्या संगणकावर कोण बसलं होतं?

लोणीचा चेहरा काळाठिक्कर पडला. ओठ हलले. "डोळे, साहेब," तो म्हणाला. "हल्ली जरा... तपासून घेतो."

हरामखोर! आंधळा म्हणवून घेईल, खुर्ची सोडेल, पण ते एक वाक्य तिला देणार नाही.

संध्याकाळपर्यंत अदलाबदल ठरली. आत्या त्याच्या खुर्चीत, लोणी जिन्याखाली. लोकांनी तिचं अभिनंदन केलं, मालक म्हणाले, झालं गेलं विसरून जा. तिनं मान डोलावली, कोपऱ्यातला आपला डबा-पिशवी आवरली, आणि उठण्याआधी त्या जुन्या संगणकाचा वेग होता त्याहून आणखी वर नेऊन ठेवला.

सकाळी तिनं नव्या जागेवर पहिलं काम केलं ते वेग खाली आणण्याचं. एका खाचेला तीन ओळी. मग ती कान देऊन बसली. जिन्याखालून पट्टी आपटल्याचा आवाज आला, मग चाकाची करकर. शेवटी लोणी तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मालक काचेपलीकडे फोनवर होते, दार उघडंच होतं.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "ते चाक..."

"मोठ्यानं बोल," आत्या म्हणाली. "मालकांना ऐकू जाऊ दे."

त्यानं दाराकडे पाहिलं. पायाकडे पाहिलं. "काही नाही."

"मग डोळे तपासून घे," ती म्हणाली आणि तिनं पट्टी पडद्यावर टेकवली.