खुराड्यावरची लाल अक्षरं

समजा, डोळ्यांवर काळा चष्मा लावून तुम्ही उभे आहात. समोर पोलादी दांडा गरागरा फिरतोय. तुमच्या हातातल्या बंदुकीतून ज्वाला निघतेय आणि तिच्यात वितळलेली भुकटी दांड्यावर आपटतेय. हात एका चालीनं सरकला पाहिजे. जरा रेंगाळलात, की थर जाड होतो आणि पुढे पापुद्र्यासारखा सुटतो.

कित्वे शहरातल्या एका कार्यशाळेत कसुबा हेच काम करायची. तिच्या भुकटीत निकेल, क्रोम, थोडी चांदी आणि तापल्यावर मऊ होणारे क्षार असत. दांडा थंड असताना चांदी त्याला सरकू द्यायची. भट्टीच्या धगीत क्षार पसरून निसरडा थर धरायचे. वरून ग्रीस लावायचं नाही. त्या धगीत ग्रीसचा कोळसा होतो.

तांब्याच्या भट्टीच्या धुराड्यातल्या झडपेसाठी तिनं पहिला दांडा पाठवला. तो टिकला, तर बाकीच्या झडपाही तिच्याकडे येणार होत्या. पण महिना उलटायच्या आत दांडा अडकला. वंगणवाल्या म्हाताऱ्या कपेंब्वानं हातोडा घातला, झडप एकदम उघडली आणि धगीनं त्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

"तुझा लेप फसला," भट्टीचे साहेब सिंबेये म्हणाले. "आता जुनेच दांडे."

"बा सिंबेये, दांडा द्या. मी कापून बघते."

"तो भंगाराबरोबर वितळलासुद्धा."

"न बघताच?"

"अडकलेला दिसला की! आणखी काय बघायचं?"

कसुबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ती सुकी मासळी घेऊन म्हाताऱ्याला भेटायला गेली. त्याला सगळे शिकुलु, म्हणजे आजोबा, म्हणत.

"ये, मायो, ये गं माय," हात गळ्यात बांधलेला कपेंब्वा म्हणाला. "तुझा दांडा भारी खादाड गं! डबाभर ग्रीस गिळायचा, तरी कुरकुरायचा."

"शिकुलु, ग्रीस? कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? माझ्या हाताखाली एक दांडा कोरडा राहिलेला नाही आजवर."

"अहो, दांड्याच्या खोक्यावर लाल रंगानं लिहिलं होतं मी, ग्रीस लावू नका म्हणून!"

म्हाताऱ्यानं हनुवटीनं अंगणातलं खुराडं दाखवलं. फळीवर तिचीच अक्षरं होती, उलटी ठोकलेली. "बिगारी पोरांनी फळ्या आणून दिल्या. कोंबड्यांनी ऐकलं बघ तुझं. एकीनंही ग्रीस लावलेलं नाही."

कसुबाला हसूही आलं नाही. खोक्याचं लाकूड त्याच दिवशी कुणाच्या तरी घरी जातं, हे भट्टीवर कुणाला ठाऊक नाही? तिच्या घरचं खुराडंही तसल्याच फळ्यांचं होतं. आणि तिनं लिहावं ते नेमकं खोक्यावर! पण तिनं तोंडानंही सांगितलं होतं, आणि तेही खुद्द साहेबांना.

ती परत साहेबांकडे गेली. "फाटकात मी तुम्हाला सांगितलं होतं ना, ग्रीस लावू देऊ नका म्हणून?"

"त्या दिवशी पाहुणे होते गं. राहून गेलं."

"मग शिकुलुंचा हात माझ्या लेपानं भाजला, की तुमच्या राहून जाण्यानं?"

"झालं ते झालं. उगाच वाढवू नकोस. जुने दांडे मागवलेत."

आता कसुबा पंपांचे दांडे फवारते. बंदूक बंद झाली, की तिच्या मनात तोच संताप परत उसळतो. कापून पाहायला कितीसा वेळ लागला असता? त्या जळक्या ग्रीसखाली तिचा निसरडा थर धरला होता, की नव्हता?