प्रसादच्या सायकलीतली मोटर

रवींद्र मांडकेला सनीव्हेलमधली एक कंपनी गेली पंचवीसेक वर्षं चुका शोधण्याचा पगार देत होती. चिप दुसऱ्यांनी बनवायची आणि ती कारखान्यात जाण्याआधी कुठे बिघडू शकेल ते रवींद्रने हुडकून काढायचं, अशी ती नोकरी. 'सगळं नीट चाललंय' असं कुणी म्हटलं की त्याचे कान टवकारायचे. ऑफिसात या स्वभावाचं कौतुक होई. घरी त्याची बायको सुनेत्रा त्याला कंटाळलेली असे, आणि मुलगी निधी दूर उत्तरेला, बॉथेलला नोकरीला गेल्यापासून आईलाच फोन करायची. जाण्याआधी एकदा ती त्याला शांतपणे म्हणाली होती, "बाबा, यू डोन्ट आस्क, यू ऑडिट." ते त्याला लागलं होतं, पण खोटं आहे असंही म्हणता येत नव्हतं.

संशय न घेता तो वागायचा ते फक्त सायकलवर. शेजारच्या बिल्डिंगमधला सांगलीचा प्रसाद कडोले आणि तो दर रविवारी पहाटे निघायचे आणि गावामागच्या डोंगराचा चढ चढायचे. रवींद्र नेहमी पुढे. वर पोचून घाम पुसत, खाली वळणावर प्रसादचं लाल हेल्मेट कधी दिसतंय ते बघत उभं राहायचं, याची त्याला इतकी सवय झाली होती की खरा आनंद चढण्यात होता की वाट बघण्यात, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

फेब्रुवारीत हे उलटं झालं. प्रसाद वर उभा आणि रवींद्र खाली धापा टाकत. एकदा झालं तेव्हा झोप कमी झाली असेल म्हणून त्याने सोडून दिलं. मग दर रविवारी तेच होऊ लागलं. आणि प्रसादने नवी सायकल घेतली होती जानेवारीत.

रवींद्र काही बोलला नाही. घरी बसून त्याने वाचून काढलं. सीटखालच्या नळीत बसणारी बारीक मोटर मिळते, बाहेरून काही कळत नाही, शर्यतीतसुद्धा लोक ती लपवून वापरताना सापडलेत. मग त्याला एकेक गोष्ट दिसू लागली. प्रसाद ती सायकल कुणाला उचलू देत नसे. गिअर बदलताना तिच्यातून बारीक गुणगुण यायची. आणि हल्ली चढावर प्रसाद बोलायचा, ऐन चढात अगदी आरामात मुलाच्या कॉलेजच्या गप्पा मारायचा. पन्नाशी ओलांडलेला माणूस एका महिन्यात असा सुधारतो का, हा प्रश्न रवींद्र सुनेत्राला विचारून चुकला. ती म्हणाली, "तूच मंदावला असशील." ते त्याने कानाआड केलं.

एप्रिलच्या शेवटी त्यांची मोठी ट्रिप ठरली होती. सॅन डिएगोच्या समुद्रापासून वाळवंट ओलांडून फिनिक्सपर्यंत. बरोबर दोघांची जुनी मैत्रीण, बॉथेलची चैत्राली आणि तिचा नवरा शंतनू. चैत्राली सायकलवर, शंतनूची पाठ दुखायची म्हणून तो पाणी, बर्फ आणि बॅगा घेऊन व्हॅन चालवणार होता. सामान भरताना रवींद्रने फ्रिजवरचं एक लोहचुंबक खिशात टाकलं. प्रसादची सायकल कार्बनची, तिला चुंबक चिकटणार नाही. नळीत मोटर असली तर मात्र चिकटेल.

पहिले दोन दिवस डोंगराचे होते. रवींद्र सगळ्यांच्या मागे राहिला. पुढे चैत्राली आणि प्रसाद बोलत जायचे आणि तो जवळ आला की गप्प व्हायचे. हे त्याने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा मुद्दाम जोर लावून गाठलं तर प्रसाद घाईने म्हणाला, "काही नाही रे, हॉटेलचं बोलत होतो." शंतनूची व्हॅनही ठरल्याप्रमाणे पुढे जाऊन थांबण्याऐवजी रवींद्रच्याच मागे रेंगाळत होती. म्हणजे या दोघांनाही माहीत आहे, त्याने मनाशी जोडून टाकलं. तिघं मिळून आपल्याला वेड्यात काढतायत.

डोंगर उतरून वाळवंटात शिरले तसा वारा भट्टीतून आल्यासारखा तोंडावर आला. ब्रॉलीला पोचेपर्यंत बाटल्यांतलं पाणी चहासारखं झालं होतं. मोटेलमध्ये रवींद्र आणि प्रसाद एका खोलीत होते. प्रसादने सायकल आत आणून आपल्या पलंगाशेजारी उभी केली, टेबलाखाली कसलीशी छोटी वस्तू चार्जिंगला लावली आणि तो पोहायला गेला. दार लागताच रवींद्र उठला.

त्याने सायकल उचलून पाहिली. हलकी होती, पण हल्लीच्या मोटरीही हलक्या असतात. पेडल उलटसुलट फिरवलं. कलिंगड पारखावं तशी नळी बोटाने वाजवली. मग गुडघ्यावर बसून लोहचुंबक नळीवरून हळूहळू फिरवू लागला. खाली एका जागी ते किंचित ओढल्यासारखं वाटलं. त्याने तिथेच पुन्हा फिरवलं. तेवढ्यात दार उघडलं. प्रसाद टॉवेल न्यायला विसरला होता.

"काय शोधतोयस?"

"गोळ्यांचं पाकीट पडलं," रवींद्र म्हणाला आणि चुंबक मुठीत दाबलं.

गुडघेदुखीवरच्या गोळ्या तो वर्षभर घेत होता, स्वतःच दुकानातून आणून, सकाळ-संध्याकाळ. डॉक्टर उगाच तपासण्या लावतात असं त्याचं मत होतं. प्रसादने काही न विचारता हातात घेतलेला टॉवेल खुर्चीवर टाकला आणि पोट जमिनीला टेकवून पलंगाखाली शोधू लागला. पाकीट रवींद्रच्या बॅगेत होतं. ते बाहेर काढून 'सापडलं' म्हणताना त्याला प्रसादच्या तोंडाकडे बघवलं नाही. तरी ती जागा त्याच्या डोक्यातून जाईना. ओढ लागली होती, नक्की लागली होती.

दुसऱ्या दिवशी ब्रॉलीहून ब्लाइथला जायचं होतं. वाटेत मैलोन्‌मैल वाळूच्या टेकड्या, मग उघडा खडकाळ माळ, सावली म्हणून नाही. रस्ता लाटांसारखा वरखाली होणारा. सीमा पोलिसांच्या चौकीपाशी एका तरुण अधिकाऱ्याने चौघांकडे निरखून पाहिलं, कुठून आलात, कुठे चाललात, विचारलं आणि जा म्हणाला. एरवी रवींद्रला अशा नजरेचा राग आला असता. आज त्याला वाटलं, हा माणूस आपल्याच धंद्यातला आहे.

चौकी मागे पडल्यावर तो थांबला आणि प्रसादला म्हणाला, "माझी सीट टोचतेय. थोडा वेळ तुझी सायकल देतोस?"

दोघांची उंची सारखी, पेडलला अडकणारे बूटही दोघांनी एकदमच घेतलेले. प्रसाद क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग उतरला. रवींद्रला तो क्षण पुरेसा वाटला. आता मोटर कुठे चालू करायची ते सांगावं लागणार, म्हणूनच हा अडखळला.

पण प्रसादने काही सांगितलं नाही. रवींद्रची जुनी, वजनदार सायकल घेऊन तो पुढे निघाला. रवींद्र त्या नव्या सायकलवर बसला आणि पहिल्याच चढावर त्याला कळलं, की पायाखाली त्याच्या स्वतःच्या पायांखेरीज दुसरं काहीही नाही. गिअर बदलला तशी ती गुणगुण ऐकू आली. गिअर विजेवर सरकत होते, एवढंच. टेबलाखाली चार्ज होत होती ती त्यांचीच बॅटरी होती. चुंबक ओढलं होतं ते कुठल्यातरी स्क्रूने. समोर प्रसाद जुन्या सायकलवर संथपणे चढून गेला, पलीकडे दिसेनासाही झाला.

रवींद्रने आणखी जोर लावला. कानात ढोल वाजायला लागले. डांबरातून वाफा निघत होत्या आणि रस्त्याच्या कडा पांढुरक्या होऊन मधोमध येत होत्या. तरीही त्याच्या मनात आलं, सकाळी चैत्रालीने बाटलीत कसली पावडर घातली होती? हा विचार त्याने स्वतः ऐकला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचीच भीती वाटली. पाय टेकून तो रस्त्याकडेला खाली बसला.

व्हॅन मागेच होती. शंतनूने त्याला आत घेतलं, मानेवर बर्फ ठेवला. चैत्राली वळून परत आली. ती बॉथेलला औषधांच्या संशोधनात काम करायची. तिने त्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "शौचाला काळी होते का?"

होत होती, दोन महिने. प्रसादने सुचवलेल्या बिटाच्या पावडरचा तो परिणाम आहे, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तेही त्याने तिला सांगितलं.

"बिटाने लाल होते, काळी नाही," चैत्राली म्हणाली. "आणि किती पेनकिलर घेतोस तू? आम्ही पहिल्या दिवसापासून बघतोय, तू पांढरा पडलायस. ब्लाइथला पोचलो की ट्रिप बंद करायची, हे आमचं काल ठरलं. तुला सांगायचं कसं, तेवढंच ठरत नव्हतं. तू ऐकणार नाहीस असं प्रसाद म्हणत होता."

म्हणजे ते लपवत होते, हे खरंच होतं. फक्त काय लपवत होते, ते त्याने चुकीचं जोडलं होतं.

प्रसाद परत येऊन व्हॅनच्या दारात उभा होता. रवींद्रने खिशातून लोहचुंबक काढून सीटवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मोटरचं, पलंगाखाली शोधायला लावलेल्या पाकिटाचं, सीट टोचण्याच्या बहाण्याचं. न सांगताही भागलं असतं. पण प्रसादच्या कोपरांना मोटेलच्या गालिच्याचे लाल ओरखडे अजून दिसत होते.

"कधीपासून?" प्रसादने विचारलं.

"फेब्रुवारीपासून."

"आणि दर रविवारी माझ्याबरोबर येत होतास."

"हो."

प्रसादने हेल्मेट काढून व्हॅनच्या पायरीवर ठेवलं. मग म्हणाला, "मला विचारलं असतंस तर मी सीट काढून नळी दाखवली असती, रवी." आणि दोन्ही सायकली व्हॅनवर चढवायला निघून गेला.

ब्लाइथच्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन निम्म्यावर आलेलं निघालं. गोळ्यांनी पोटात जखम झाली होती आणि ती गुपचूप पाझरत होती. अशा रक्तावर तुम्ही डोंगर कसा ओलांडलात, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. रक्त चढवलं, दोन दिवसांनी सुनेत्रा येऊन त्याला घेऊन गेली. ती एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाली नाही, आणि त्याचं कारण काय असावं याचा तपास करायचा नाही असं रवींद्रने विमानात ठरवलं. निधी मात्र येऊन आठवडाभर राहिली. तिला त्याने सगळी हकिकत आपणहून सांगितली. ती हसली नाही. तिने फक्त त्याच्या ताटात आणखी पालक वाढला.

प्रसाद मे महिन्यात एकदा येऊन गेला, सुनेत्राशी बोलला, चहा घेतला. मग रविवारी तो दुसऱ्या ग्रुपबरोबर जायला लागला. खिडकीतून त्याचं लाल हेल्मेट जाताना दिसायचं. त्यात काही गुपित नव्हतं. रवींद्र दुखावणारा होता आणि प्रसाद दुखावलेला, इतकं ते साधं होतं, पण ते तसंच सोसणं त्याला कुठल्याही संशयापेक्षा जड गेलं.

सप्टेंबरात डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली. रवींद्र फोन न करता शेजारच्या बिल्डिंगचा जिना चढला आणि रविवारी येतोस का म्हणून त्याने प्रसादला विचारलं. प्रसाद आला. चढावर प्रसाद पुढे होता, पण फार पुढे नव्हता. वर पोचल्यावर दोघं कठड्यावर बसले. खाली खाडीवरचं धुकं विरत होतं.

"अजून रागावलायस का माझ्यावर?" रवींद्रने विचारलं. असा सरळ प्रश्न त्याने कुणाला विचारल्याला किती वर्षं झाली असतील, कोण जाणे.

प्रसादने बाटलीचं झाकण लावलं. "थोडा आहे," तो म्हणाला. "जाईल हळूहळू. ब्लाइथपासून पुढचा रस्ता राहिलाय, तो थंडीत करू."

मग उताराला लागताना त्याने रवींद्रला आधी जायची खूण केली.